आईनं दिलेला बाप्तिस्मा

निपाणीत माझी आई मिशनची बायबलबाई होती. वडील वारल्यावर मिशनच्या गोऱ्या मड्डमनं तिला लिहायवाचायला शिकवून या कामाला लावलं. मिशनच्या चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो; त्या देवळामागची एक खोली आम्हाला राहायला होती. आई गावोगाव चालायची, बायकांना अक्षरं शिकवायची, आजाऱ्यांच्या उशाशी बसून प्रार्थना करायची. मंडळीतल्या, म्हणजे देवळाच्या सभासदांतल्या, निम्म्या बायका तिच्यामुळंच देवळात आलेल्या. पण रविवारी तिची जागा बायकांच्या चटईवर. तिथं तोंड उघडायचं ते गाण्यापुरतं.

मी बारा वर्षांची असेन. शेजारी तंबाखूच्या वखारीत राबणारं एक जोडपं राहायचं, आमच्याच मंडळीतलं. त्यातल्या बायकोला मी आक्का म्हणायची. तिची दोन लेकरं बाप्तिस्म्याआधीच गेलेली. तिसऱ्या खेपेला मुलगी झाली, आणि अठराव्या दिवशी तिनं दूध सोडलं. बाप्तिस्मा देणारे आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, संकेश्वरकडच्या गावांना गेले होते. त्यांना आणायला आक्काचा नवरा पहाटेच निघाला. दुपारपर्यंत पोरीचे ओठ काळेनिळे पडले.

"बाई, तुमीच पाणी घाला," आक्का म्हणाली.

"मला तो हक्क न्हाई गं. येतील पाळकसाहेब."

"कवा येतील? हिच्याकडं बघा की! आदीची दोगं बिननावाची गेली. हिला तरी नाव घिऊन जाऊ द्या."

आईनं मला रस्ता बघायला पाठवलं. कोणी येत नव्हतं. मी परत आले तेव्हा आई तांब्या घेऊन उभी होती. आक्कानं सांगितलेलं नाव तिनं मोठ्यानं घेतलं. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा म्हणत तीनदा पाणी घातलं. घटकाभरानं पोर गेली. आक्का रडत होती, पण मधेच थांबून म्हणायची, "नाव मिळालं माज्या बाळीला."

पाळकसाहेब दिवस मावळायला आले. स्वभावानं मऊ माणूस. सगळं ऐकून ते एवढंच म्हणाले, "बाई, हे काय केलंत?" त्यांनी पोरीला माती दिली, पण देवळाच्या बाप्तिस्म्यांच्या वहीत तिचं नाव लिहिलं नाही.

गुरुवारी मंडळीचे पंच बसले. सगळे पुरुष. आईला दाराशी उभं केलं होतं. "आज बाप्तिस्मा दिला, उद्या पाळकावानी पवित्र भोजनाची भाकर वाटायला उभी ऱ्हाईल," एक जण म्हणाला. ठरलं असं की रविवारी तिनं मंडळीपुढं उभं राहून सांगायचं, तो बाप्तिस्मा नव्हता. नाहीतर काम आणि खोली दोन्ही सोडायची.

आईनं तीन दिवस अन्नाला हात लावला नाही. जायला आम्हाला ठिकाण नव्हतं. वडिलांच्या भाऊबंदांनी आम्ही ख्रिस्ती झालो तेव्हाच दार लावलेलं. शनिवारी मीच तिला म्हणाले, "म्हण की आई. चार शब्द तर हायत." ती माझ्याकडं बघत राहिली. ती नजर मी अजून विसरलेली नाही.

रविवारी आक्का माझ्या शेजारी चटईवर बसली होती. पंचांनी काय ठरवलं ते तिला कुणीच सांगितलं नव्हतं. आई उठली. खाली बघत म्हणाली, "मी चुकले. मी घातलं ते नुसतं पाणी होतं. तो बाप्तिस्मा न्हवं."

आक्का ताडकन उठली. त्या देवळात बाई अशी बोललेली कुणी ऐकली नव्हती.

"मग माजी ल्येक कुटल्या नावानं गेली वो बाई?"

आई पदर तोंडाशी धरून खाली बसली. आक्का सगळ्यांमधून वाट काढत बाहेर गेली आणि परत कधीच देवळात आली नाही.

आमची खोली राहिली. आई रोज आक्काच्या दारात जायची. आक्का पाठ फिरवून बसायची. पुढं ती आणि तिचा नवरा बेळगावला निघून गेली, आम्हाला न सांगता. आईनं त्यानंतरही बरीच वर्षं काम केलं, पण आजाऱ्याजवळ बसली की तिची वाचा जायची. "पाळकांना बोलवा," एवढंच म्हणायची. वारली तीही तशीच, गप्प.

मिशननं मग ते काम मला देऊ केलं. मी नको म्हणाले आणि बेळगावात शाळेत शिकवू लागले. एकदा खडेबाजारात आक्का समोर आली. केस पांढरे झालेले. मी तिचा हात धरला, आई गेल्याचं सांगितलं. मग कसंबसं म्हणाले, "आक्का, ते म्हणायला मीच लावलं हुतं आईला."

तिनं हात सोडवून घेतला. "व्हय?" म्हणाली, आणि गर्दीत चालती झाली.

मी अजून देवळात जाते. चटईवर बसते. पंच अजून पुरुषच आहेत. प्रार्थनेला सगळे डोळे मिटतात तेव्हा मीही मिटते, पण देवाकडं मागायला तोंडात शब्द येत नाहीत.