नागूच्या मास्तरकीसाठी फिरंगी मुलखात

घाटाखाली रिकाम्या हातानं जाऊ नये, असं ज्या बायांनी मला सांगितलं, त्यांतल्या एकीनंही ते कंदांचं पोतं उचलून बघितलं नव्हतं. हातहातभर लांबीचे कंद, अंगावर शेताची माती तशीच. गुंदपासून मी ते वागवलं आणि त्यापायी माझ्या नातवाची नोकरी हातची जात होती. हे आधी ऐकून घ्या. मग रामराम.

सुप्याच्या शाळेचं हातानं लिहिलेलं मासिक गावोगाव फिरतं. त्यात लिही, असं शाळेतली माणसं म्हणाली. रोज कोणीतरी दारात येऊन विचारतं, फिरंग्याच्या मुलखात, म्हणजे गोव्यात, कसं जायचं, नोकरी खरंच मिळते का. एकदाच सांगते. माझं अक्षर लागलं नाही तर मोठ्यानं वाचा, लागेल.

नागू माझा नातू, नंदिगड्ड्याच्या शाळेत मास्तर. सात वर्षं नोकरी झाल्यावर त्याला वर्षाची रजा मिळाली, तीही बिनपगारी. ते वर्ष त्याला जुनी पुस्तकं वाचायला हवं होतं. त्याचा मामा लाकडाच्या डेपोत कारकून. तो म्हणाला, "पुस्तकं चावून पोट भरतंय व्हय? ये माझ्याकडं, ओंडके मोज." त्यातच कळलं, सावर्ड्यापलीकडच्या एका भाटकाराला, म्हणजे तिकडच्या जमीनदाराला, मुलांसाठी पगारी मास्तर पाहिजे, आणि त्याच्या घरी पुस्तकांचं कपाट छतापर्यंत भरलंय. मामानं बजावलं, माघाच्या पुनवेपर्यंत जमलं तर जमलं, नाहीतर डेपो. नागू शाळेत वाघ, पण मोठ्या माणसापुढं तोंड उघडायचं म्हटलं की कान लाल होतात. म्हणून त्याच्यासंगं मी निघाले.

गुंदहून सुप्याला बैलगाडीनं पूर्ण दिवस लागतो. पहाटे निघा आणि गाडीत भाताचं काड जास्त घाला. बैलासाठी नाही, स्वतःच्या कमरेसाठी. दुसरा मुक्काम जगलबेटला. तिथं एका घरी भात आणि हुलग्याचं सार मिळालं, इतकं तिखट की नागू पहिल्यांदा न विचारता बोलला. "पाणी," म्हणाला.

तिसऱ्या दिवशी दुपारी कॅसलरॉक. बायांनो, तेवढं एक रेल्वेचं ठाणं बघायला जरी गेलात तरी पायपीट वसूल. इंग्रजाचं राज्य इथं संपतं आणि पुढं फिरंग्याचं लागतं, त्यामुळं सगळे घाईत. हमाल कन्नडात ओरडतात, बाया कोकणीत भांडतात, इंजिन कुणाचंच ऐकत नाही. तिसऱ्या वर्गाची दोन तिकिटं बारा आण्यांत आली. जागा धरताना उजवी-डावी विचारू नका. खिडकी मिळाली की बसा.

गाडी घाट उतरायला लागली आणि माझं वय गळून पडलं. जन्मभर मी डोंगर पायानं चढले-उतरले. डोंगरच आपल्या शेजारून वर पळतोय, हे पहिल्यांदा बघितलं. बोगदा आला की डब्यातल्या बाया देवाचं नाव घेत, उजेड आला की हसत. मग दूधसागर. पाणी पुलाला लागून कोसळत होतं, तुषार थेट तोंडावर. मी उभी राहिले.

"आज्जी, बस की! पडशील."

"पडले तर मला उचलायला तू हाईस. पाणी परत कुठं बघू?"

घाटाखालच्या कुळे ठाण्यात फिरंगी अंमलदारानं सामान उघडायला लावलं. पोत्यात हात घातला, एक कंद काढला, उलटा केला, वास घेतला आणि शिंकला. "उकडून खातात," मी सांगितलं, तोंडाकडं हात नेऊन दाखवलं. त्यानं घाईनं कंद परत ठेवला. तुम्ही जाल तेव्हा गाठ सैल बांधा, फार खोळंबा होत नाही.

सावर्ड्याला उतरून रात्र धर्मशाळेत काढली आणि सकाळी चालत भाटकाराच्या घरी पोचलो. अंगणात कुळांची रांग होती. कुणाकडं नारळ, कुणाकडं केळीचा घड. कारभाऱ्यानं आमचं पोतं घेतलं, आम्हाला रांगेत बसवलं, द्रोणात पेज दिली. मला वाटलं, काय माणुसकी! आमच्याकडं पाहुणा असाच बसतो; बोलावल्याशिवाय ओसरी चढत नाही.

ऊन डोक्यावर आलं. तेवढ्यात एक गडी काखेत छत्री मारून मोकळे हात हलवत आला, सरळ ओसरी चढला, खुर्चीत बसला. शेजारच्या कुळवाडणीला विचारलं, हा कोण?

"मास्तर तो. नोकरेखातीर आयला."

"आणि आम्ही कोण गं?"

तिनं मला पायापासून वर बघितलं. "तुमी न्हय नवीं कुळां? कंद घेवन आयल्यात न्हू?"

तेव्हा डोक्यात उजेड पडला. डोक्यावर ओझं घेऊन जो दारात येतो, तो तिथं कूळ. मास्तर मोकळ्या हातानं येतो.

"ऊठ नागू."

"बोलावलं न्हाई अजून."

"सांजपर्यंत बसलास तर कोयता देतील हातात. ऊठ!"

मी ओसरी चढले. भाटकार म्हणाला, "काय पाहिजे आज्जी? घर शाकारायला झावळ्या?"

"झावळ्या नगोत. हा मास्तर हाय. पगार पाहिजे."

छत्रीवाला हसला. भाटकार नाही हसला. त्यानं मोडी लिपीतला एक जुना कागद काढला आणि आधी छत्रीवाल्याला वाचायला दिला. त्यानं भराभर वाचलं: ओढ्याचं पाणी आधी भाटकाराच्या वरच्या शेताला, मग खाली कुळांना. भाटकार खुश. मग कागद नागूकडं आला. नागूनं तो उजेडापुढं धरला, बोटानं एकेक ओळ धरून सावकाश गेला.

"उलटं हाय," तो म्हणाला. "पाणी आधी खालच्या शेतांना. वरच्याला मागनं."

अंगणात कुळं कुजबुजली.  मी मनात म्हटलं, मेल्या, आजच्या दिवस तरी डोळेझाक करायची होतीस! आता ओंडकेच मोज.

भाटकारानं कागद परत घेतला, स्वतः उजेडापुढं धरला. नागूनं धरलेल्या ओळींवरून बोट फिरवलं, मान डोलावली. मग छत्रीवाल्याला म्हणाला, "तुम्ही या आता." आणि नागूला, "पगाराचं काय?"

नागूचे कान लाल. मी म्हटलं, "दर महिन्याला रोख, जेवण वेगळं. सकाळी पोरांना शिकवील, दुपार त्याची. आणि कपाटाची किल्ली."

"किल्ली कशाला?"

"रजा त्यानं पुस्तकांसाठी काढलीय. तुमची मासळी खायला न्हाई."

किल्ली मिळाली. पगार मामाच्या डेपोपेक्षा जास्तच ठरला. नागू कपाटापुढं उभा राहिला तो मला निरोप द्यायचाही विसरला. मी एकटीच परत आले. येतानाही खिडकी मिळाली.

घरी येऊन बसले तर गुडघे सुजले होते आणि कानात इंजिन वाजत होतं. सूज उतरली, इंजिन अजून वाजतं. तुम्ही जा. मास्तर म्हणून जायचं तर हात मोकळे ठेवा आणि आधी ओसरी चढा.

आता नवीनच उपटलंय. भाटकाराचं पत्र आलं: नागूला कायमचा ठेवायचा म्हणतो, पगार वाढवतो. नंदिगड्ड्याची पोरं विचारतात, मास्तर कधी येणार. मामा म्हणतो, राहू दे तिकडंच. गावचे पंच म्हणतात, नाही म्हणून आम्हीच लिहितो. कुणी कागदाला हात लावायचा नाही. पंचांनी नाही, मामानं नाही, मीही नाही लिहिणार. नागू, हे मासिक तुझ्यापर्यंत येईल. उत्तर तू द्यायचं, तुझ्या हातानं, आणि पोरांना आधी, भाटकाराला मागनं.