बिछायतीच्या घडीतली आग

आधीच सांगून ठेवतो, मी वायरमन आहे. आग लागली म्हटलं की मला भूत नाही, ढिला जॉइंट आठवतो. त्यात आमच्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून घरात अंगारे-धुपारे बंद. कोणी भानामती म्हटलं की माझं डोकंच फिरतं. तरी हे लिहितोय... कारण मनातून जात नाही.

गाव रिसोड. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत वसंतभाऊंचं बिछायत केंद्र आहे — लग्नाकार्याला गाद्या, सतरंज्या, पडदे भाड्याने देतात. पुढच्या खोलीत माल, मागे घर. घरात वसंतभाऊ, त्यांची बायको कांताकाकू, मुलगा राहुल आणि मेडशीहून नवीन आलेली सून, प्रतीक्षा. मागच्या उन्हाळ्यात, तिच्या लग्नाला चार महिने झाले होते तेव्हा, तिथे आठ दिवसांत तीन वेळा आग लागली. मोठी नाही, पण विचित्र — घडी घातलेली सतरंजी वरून कोरी, उलगडली तर मधोमध जळालेली!

मला बोलावलं. बोर्ड, अर्थिंग, जॉइंट, सगळं तपासलं. मालाजवळून वायरच जात नव्हती. मी जरा तोऱ्यातच म्हणालो, "लाइटचा काही संबंध नाही काकू. लिहून घ्या माझ्याकडून." खरं सांगू? त्या घराची वायरिंग मीच केली होती. मला माझं नाव वाचवायचं होतं, बस्स.

काकू म्हणाल्या, "लाइट नाही, चूल नाही, बिडी पेनारं कोनी नाही. मंग ह्या चार महिन्यातच काहून लागून राह्यली आग? आदी कदी नाही लागली ते!"

प्रतीक्षा दारातच उभी होती. सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या... आणि मी काय करून बसलो ते मला तेव्हा कळलं.

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. कोणी म्हणे पायगुण, कोणी म्हणे तीच काडी लावते, कोणी म्हणे तिच्या अंगात काहीतरी आहे. वसंतभाऊंनी तिच्या वडलांना फोन केला, "रविवारी या अन् पोरीले घेऊन जा. पुन्हा पाठवू नका." आणि राहुल? तो मान खाली घालून बसला. असा राग आला त्याचा!

रविवारी सकाळीच मी गेलो. म्हटलं, आज सोक्षमोक्ष लावूच. मेन बंद केला, वर फ्यूज काढून खिशात टाकला. वसंतभाऊ आणि राहुल व्याह्यांना आणायला स्टँडवर गेलेले, काकू मागे अंगणात. पुढच्या खोलीत मी आणि प्रतीक्षा. ती भिंतीला टेकून सुपात डाळ निवडत होती — शेजारी भरलेली बॅग. पंखा बंद, घामाच्या धारा. दहा-पंधरा मिनिटं गेली असतील.

...वास आला. आधी वाटलं भास. मग समोरच्या गाद्यांच्या थप्पीतून धूर! मी वरच्या पाच गाद्या खाली ओढल्या — कापसाच्या, जड, दम लागला मला. सहावीच्या घडीत ताटाएवढा गोल निखारा, लालभडक. तिच्या वरच्या गादीला डागसुद्धा नाही. प्रतीक्षा किंचाळली, "आई, पानी आना!" दोन बादल्या ओतल्या तेव्हा कुठे विझलं. लाइट नाही, काडी नाही, काहीच नाही... मग आली कुठून?

तेवढ्यात तिचे वडील दारात हजर. काकू ओरडल्या, "पाह्य मिलिंद, तुह्या डोयासमोर झालं! सांग आता!"

आणि मी सांगितलं. "शॉर्ट सर्किट आहे. चूक माही आहे. जॉइंट ढिला राह्यला होता, त्या दिवशी लपवलं मी." फ्यूज अजून माझ्या खिशातच होता.

वसंतभाऊंनी मला भर गल्लीत शिव्या घातल्या — "अबे, घर जाळतं का आमचं?" पुढे महिनाभर रिसोडात कोणी मला साध्या पंख्यालाही हात लावू दिला नाही. पण प्रतीक्षाचे वडील एकटेच मेडशीला परत गेले. मी सगळी वायरिंग नव्याने केली, नुसती दाखवायला. आणि गंमत पाहा — त्या दिवसापासून आग नाही. एकदाही नाही. खोट्या कारणानं खरी आग कशी थांबते, सांगा मला?

काम संपलं त्या दिवशी प्रतीक्षा चहा घेऊन आली. हळूच म्हणाली, "दादा, मले सोतावरच भरोसा नाही राह्यला. मीच तं करून राह्यली नाही ना? तुमी होते ना तिथं... माहे हात पाह्यले ना तुमी?"

"पाह्यले ना. सुपातच होते सारा वेळ."

ती रडायलाच लागली. "मंग ठीक आहे," म्हणाली आणि डोळे पुसत आत गेली.

आता खरं ते सांगतो, पहिल्यांदाच. वास यायच्या आधी दोन-तीन मिनिटं मी बोर्डाचे स्क्रू काढत होतो, तिच्याकडे पाठ करून. तेवढ्यात पाच गाद्या उचलायच्या, आवाज न करता परत जशाच्या तशा रचायच्या... एकट्या बाईकडून ते होणार नाही, हे मला माहीत आहे. मग आग कशी लागली, ते मात्र माहीत नाही. पण मी तिचे हात पाहिले नव्हते.