एडवणहून परतताना वारा लागला नाही

भुताखेतांच्या अनुभवांचं हे सदर मी झोप येत नसली की वाचते, आणि खरं सांगायचं तर थोडं हसण्यासाठी वाचते. पिंपळाखालची बाई, मागून येणारा पैंजणांचा आवाज... माझा पिंडच तो नाही. बोईसरच्या एका औषध कारखान्याच्या लॅबमध्ये मी बरीच वर्षं नोकरी करतेय. नमुना दोनदा तपासल्याशिवाय माझी सही होत नाही. घरात कुणी "नजर लागली" म्हणालं, तर मी आधी थर्मामीटर शोधते. त्यामुळे आज मीच इथे लिहायला बसलेय हे बघून नवरा मघापासून दारातून डोकावून जातोय. हसत नाहीये मात्र. त्या दिवशी हॉस्पिटलात त्याने आमच्या चौघांचे चेहरे बघितलेत.

गोष्ट या जानेवारीतली. आमच्याकडे दोनशे किलोमीटरची सायकल राइड होती. ही शर्यत नसते, पहिला-दुसरा नंबर नसतो. पण साडेतेरा तासांत संपवावी लागते. एक मिनिट जरी उशीर झाला, तरी तुम्ही ती केलीच नाही असं धरतात. पहाटे बोईसरहून निघायचं, चिल्हार फाट्याहून मनोर, हायवेने खाली जाऊन परत मनोर, मग वाघोबाची खिंड चढून पालघर, तिथून माहीम-केळवे करत एडवण, आणि एडवणहून त्याच रस्त्याने वळून शेवटी बोईसर. मधे चेकपॉइंट असतात, तिथे पोचल्याची वेळ नोंदवून घ्यायची.

आम्ही चौघं होतो. मी, वैशाली. माझा धाकटा भाऊ केदार, तारापूरच्या कॉलनीत राहतो. नूतन, सातपाटीची, शाळेत पीटी शिकवते, आमच्यातली सगळ्यात दणकट. आणि सावे सर, माझे आणि केदारचे शाळेतले गणिताचे शिक्षक, आता साठी ओलांडलेले. सरांनी हीच राइड याआधी दोनदा केली होती आणि दोन्ही वेळा थोडक्यात वेळ चुकली होती. दुसऱ्या वेळी तर बोईसरचे दिवे समोर दिसत असताना. या वेळी आम्ही ठरवलंच होतं — काय वाट्टेल ते होवो, सरांना वेळेत आणायचं.

वेळेचं काम माझ्याकडे होतं. एडवणच्या चेकपॉइंटवर मी हिशोब केला तेव्हा हातात थोडा वेळ शिल्लक होता, पण फार नाही. दुपार टळली होती. हवा धुरकट, समुद्राकडे सगळं पांढुरकं, आणि समोरून उत्तरेचा वारा. सर केळं खाता खाता एका हाताने पोटऱ्या चोळत होते. 

"सर, आता एका रांगेत जायचं," मी म्हटलं. "तीन-तीन मिनिटं प्रत्येकाने पुढे. बाकीच्यांनी मागे लपायचं."

सायकल चालवणाऱ्यांना हे ठाऊक असतं, इतरांसाठी सांगते. पुढचा माणूस वारा अंगावर घेतो, आणि त्याच्या चाकाला अगदी चिकटून मागे राहिलं की मागच्याला निम्मे कष्ट पडतात. पुढचा दमला की तो उजवीकडे सरकतो, वेग कमी करतो, बाकीचे त्याच्या बाजूने पुढे निघून जातात आणि तो रांगेच्या शेवटी लागतो. आमचा क्रम ठरला — मी, नूतन, केदार, सर. माझ्या घड्याळाचा दर तीन मिनिटांनी बीप. बीप झाला की मी ओरडणार, "चेंज!" म्हणजे सर मागे गेले की परत माझा नंबर. यात चुकण्यासारखं काही नाही.

पहिली फेरी व्यवस्थित झाली. दुसऱ्या फेरीत मी पुढे होते तेव्हा वारा इतका होता की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बीप वाजला, मी "चेंज" म्हणून बाजूला झाले, बाटली काढली, दोन घोट घेतले. शेजारून सायकली गेल्या. शेवटच्या चाकामागे मी लागले आणि मान खाली घातली.

इतक्या किलोमीटरनंतर माणूस रस्ता बघत नाही. समोरचं चाक बघतो, बस्स. ते चाक हेच तुमचं जग असतं. माझ्यापुढे सर असणार, हे मी गृहीत धरलेलं. माझ्या नडगीवर अधूनमधून थेंब उडत होते. वाटलं, सरांची बाटली गळतेय. पुढचं टायर ओलं होतं. जानेवारीचा कोरडा ठणठणीत रस्ता आणि ओलं टायर... पण तेव्हा मी त्याचा विचार केला नाही. नूतनचा नंबर झाला, केदारचा झाला, सर पुढे गेले.

मग बीप वाजला.

"चेंज!"

सर उजवीकडे सरकले. माझ्या शेजारून मागे जाताना धापा टाकत म्हणाले, "जा... वैशाली, जा पुढे."

मी दात आवळले, खांदे उतरवले. आता वारा थोबाडीत बसणार म्हणून तयारीत राहिले.

वारा लागला नाही.

माझ्यासमोर चाक होतं. तेच ओलं टायर, तेवढ्याच अंतरावर, तसंच फिरत होतं.

तुम्ही म्हणाल, मान वर करून बघायचं ना! मीही हेच म्हटलं असतं. पण त्या थकव्यात डोकं कसं चालतं ते सांगते. मला आधी बरं वाटलं. अजून तीन मिनिटं आराम, असं वाटलं. नूतन पुढे गेली असेल, माझे हाल बघून तिने माझा नंबर घेतला असेल. मी मनातल्या मनात तिचे आभारही मानले. उलट वेग वाढला होता आणि पायांना काही जाणवत नव्हतं, कुणीतरी दोरी बांधून ओढत नेल्यासारखं.

मग हँडल थरथरायला लागलं. डांबर संपून खाली मुरूम आला होता. डावीकडे वळण घेतल्याचं मला अंधुक आठवत होतं. समोरचं चाक वळलं, म्हणून मी वळले होते. माशांचा, चिखलाचा, खाडीचा वास एकदम जवळून आला. आणि मला जाणवलं की समोरून काहीच आवाज येत नाहीये. साखळीचा नाही, मुरमावर टायर करकरतं त्याचा नाही. करकर होती ती फक्त माझी आणि माझ्या मागची.

बीप वाजला.

"चेंज!" मी ओरडले.

समोरचं चाक हललं नाही.

"नूतन, चेंज!"

"अगं काय?" नूतनचा आवाज आला. माझ्या मागून.

 चाकावरची नजर काढायची माझी हिंमत होईना. मान वर केली तर काहीतरी दिसेल, एवढंच डोक्यात होतं.

"केदार!" मी किंचाळले.

"काय झालं ताई?" मागून.

"सर!"

"आहे... आहे मी." सगळ्यात मागून, दमलेला आवाज.

तिघंही मागे. आम्ही चौघं. आणि माझ्यासमोर चाक.

मी दोन्ही ब्रेक दाबले. मागे नूतन चिकटून असेल, तिच्यामागे केदार, याचा विचार केला नाही. नूतन मला घासून बांधाच्या कडेला गेली. केदार तिच्यावर आदळून खांद्यावर पडला, त्याच्या हाडाचा आवाज मला ऐकू आला. मी सायकलीसकट गुडघ्यांवर आले. आणि मग वर बघितलं.

पुढे कोणीच नव्हतं.

रस्ताही नव्हता. आम्ही कोळंबीच्या तळ्यांमधल्या मातीच्या बांधावर होतो, आणि माझ्या पुढच्या चाकापासून चार-पाच हातांवर तो बांध तुटलेला होता. खाली जुन्या उघाडीच्या, म्हणजे खाडीचं पाणी आत-बाहेर सोडायच्या दाराच्या, गंजक्या सळया वर तोंड करून उभ्या होत्या आणि भरतीचं गढूळ पाणी त्यांच्यातून आत शिरत होतं. ज्या वेगाने आम्ही येत होतो, त्या वेगाने मी आणि नूतन तर नक्कीच त्यात गेलो असतो.

नूतन कधी त्या सळयांकडे तर कधी माझ्याकडे बघत राहिली. "वैशू, तू इकडं कशाला वळलीस?"

"मी नाही वळले..." मी म्हटलं.

तेवढ्यात बाजूच्या तळ्याच्या बांधावरून एक माणूस पळत आला. तळ्यांची राखण करणारा. "ओ ताई, इकडं कशाला घुसलाव? रस्ता तर तिकडं ऱ्हायला! मी केवढ्या हाका मारल्या तुमाला."

मी त्याचा हात धरला. "दादा, आम्ही किती जण दिसलो तुम्हाला?"

तो गोंधळला. एकदा माझ्याकडे, एकदा विव्हळणाऱ्या केदारकडे बघत म्हणाला, "मोजलं नाय ओ. धुरकट होतं. सायकली दिसल्या, झालं. ह्याला दवाखान्यात न्यायचं का नाय?"

त्यानेच फोन करून गावातून टेम्पो मागवला. केदारचा हात माझ्या स्कार्फने गळ्यात बांधून आम्ही बांधावरून चालत डांबरी रस्त्यावर आलो. मग मला राइडची आठवण झाली. घड्याळ बघितलं. अजून वेळ होता. अगदी काठावरचा, पण होता.

"सर, तुम्ही आणि नूतन निघा," मी म्हटलं. "केदारबरोबर मी जाते. तुमचं होईल अजून."

सरांनी हेल्मेट काढलं, टेम्पोच्या फळीवर ठेवलं आणि आत चढून केदारच्या शेजारी बसले. ज्या वेळेसाठी हा माणूस तीन वर्षं धडपडत होता, ती त्यांनी तिथेच सोडून दिली.

टेम्पोने आम्ही पालघरच्या हॉस्पिटलात पोचलो. केदारला आत एक्स-रेला नेलं, तेव्हा बाकावर बसलेले सर हळूच म्हणाले, "वैशाली, तू ब्रेक मारायच्या आधी माझा नंबर संपला ना... मी बाजूला झालो. माझ्या शेजारून तुम्ही पुढे गेलात. मी मनात मोजत असतो, सवय आहे. चौथा पुढे गेला की मग मी मागे लागलो."

"तिसरा, सर. आम्ही तिघंच उरतो."

"तेच सांगतोय," सर म्हणाले. "तेव्हा मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही."

केदारच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. आता बरा आहे. त्याचं म्हणणं सरळ आहे — "ताई, तुझी साखर उतरली होती, रस्ता चुकलीस. सरांनी ते नंतर मनानेच जोडलं." मला हे पटवून घ्यायचं होतं. मनापासून. म्हणून मी माझ्या घड्याळातली नोंद कॉम्प्युटरवर उघडली. त्यात छातीचे ठोके दिसतात. मी रांगेत पुढे असताना दोन्ही वेळा ठोके वर चढलेत, वाऱ्यात चढायलाच हवेत. आणि त्या शेवटच्या तीन मिनिटांत, जेव्हा माझ्यापुढे कोणी नव्हतं असं केदार म्हणतो, तेव्हा वेग वाढलाय आणि ठोके खाली उतरलेत. कुणाच्या तरी आडोशाला असल्यासारखे.

लॅबमध्ये असा आकडा आला असता, तर मी मशीन खराब आहे असं लिहिलं असतं. घड्याळ मी तपासून घेतलं. खराब नाही.

सरांनी सायकल पुतण्याला देऊन टाकली. मी सकाळी एकटीच चालवते, तारापूरपर्यंत जाऊन परत. कुणाच्या मागे लागत नाही, आणि कुणी मागे लागलं तर थांबून त्याला पुढे जाऊ देते.

गेल्या आठवड्यात नूतन घरी आली होती, सुके बोंबील घेऊन. इकडचं तिकडचं बोलणं झालं. चहा संपला तरी उठेना. मग म्हणाली, "वैशू, एक इचारू? रागावू नको. मला रोज तेच येतं डोक्यात."

"विचार."

"तू ब्रेक मारलास, आपण सगळे पडलो. तेव्हा ते जे काय होतं ते पुढं गेलं, का मागं?"

"पुढे तर पाणी होतं," मी म्हटलं.

"म्हणून तर इचारते."

  मी मान वर केली तेव्हा पुढे कोणी नव्हतं, एवढं मी छातीठोकपणे सांगू शकते. मागे बघायचं त्या पडापडीत आमच्यापैकी कोणालाच सुचलं नाही.