कोपरापर्यंतची रोटी

ऑपरेशनचे टाके निघाले, तरी माझा डावा हात खांद्याच्या वर जायला तयार नव्हता. धंतोलीतल्या दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने सांगितलं होतं, भिंतीवर बोटं चालवत न्या, रोज थोडं वर. माझी बोटं कॅलेंडरच्या खिळ्याखाली येऊन अडायची. तो खिळा मला बघवेना. त्याहून बघवत नव्हती ती छातीची डावी बाजू. स्तन काढला त्या जागेवर मी डोळे मिटून पाणी ओतायची, हात लावायची नाही. स्वतःच्याच अंगाची मी धास्ती घेतली होती.

माझ्या देखभालीला गावाहून मोठी जाऊ आली होती. एका रविवारी घरच्यांना लांब रोटी खावीशी वाटली. नंदनवनातल्या आमच्या घरी हा मान माझा. कणीक पाण्याने अगदी सैल करायची, गोळा या हातावरून त्या हातावर झेलत कोपरापर्यंत लांबवायचा आणि चुलीवरच्या उलट्या मडक्यावर टाकायचा. मला विस्तवाजवळ जायची मनाई, म्हणून जाऊबाईंनी पदर खोचला. मागच्या अंगणात मी आपली खुर्चीत.

त्यांनी कणीक पोळीसारखी घट्ट मळली. एक रोटी हातातच फाटली, दुसरी चुलीत पडली. माझा पारा चढला. कॅन्सर परवडला, पण हे पाहणं नको!

"ताई, हे काय करून राहिल्या? पाणी घाला नं अजून!"

"काहून ओरडून राहिली वं? एवढं येते तं तूच कर!"

उठलेच मी. कणकेत पाणी ओतलं, उजव्या हाताने आपटून आपटून ती सैल केली आणि चुलीपासून लांब उभी राहून गोळा झेलायला लागले. तो मनगटाच्या पुढे सरकला, कोपराशी आला, खाली लोंबायला लागला. मला कणकेशिवाय काही दिसत नव्हतं.

जाऊबाई हळूच म्हणाल्या, "हात पाह्य तुया."

पाहिलं. डावं कोपर कानाशी होतं. मी त्याला वर जा म्हटलं नव्हतं, विनवलंही नव्हतं. इतके दिवस ज्या हाताला निकामी म्हणून शिव्या घातल्या, त्याला सगळं आठवत होतं. हे शरीर माझ्या नकळत मला सांभाळत होतं तर! जाऊबाईंनी माझ्या हातांवरची रोटी अलगद आपल्या हातांवर घेतली आणि मडक्यावर टाकली. मी भोकाड पसरून रडले.

अंघोळीला बसले तेव्हा कळलं, कणीक गाऊनच्या गळ्यातून आत उडून नेमकी व्रणावर वाळली होती. नुसत्या पाण्याने निघेना. मी डोळे उघडे ठेवले आणि हात लावला. हळूहळू चोळत राहिले. कातडी उबदार होती, आणि तिच्या खाली काळीज ठोके देत होतं. इतक्या जवळून ते माझ्या हाताला कधीच लागलं नव्हतं. कणीक केव्हाच निघाली होती. मी हात काढला नाही.