अक्कांचा कोकरकान

अक्का गेल्या हे वरच्या मजल्यावरून रडण्याचा आवाज आला तेव्हाच मला कळलं. मी आधी भाताखालचा गॅस बंद केला, पदर नीट केला आणि मग जिना चढले. गॅलरीत त्यांच्या कुंड्या तशाच होत्या. वरच्या फळीच्या टोकाला, पत्र्याच्या आडोशाला, तो कोकरकान… राखाडी, लोकरीसारख्या मऊ पानांचा, गुबगुबीत. आत माणूस गार पडलं होतं आणि माझी नजर पहिल्यांदा तिकडे गेली, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. लग्न होऊन मी मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत आले तेव्हा घरात आधी त्यांच्या झाडांची जागा ठरलेली होती, मग माणसांची. गॅलरीत दोन फळ्या. वरच्या फळीवर बारमाही झाडं, म्हणजे पानओवा, पुदिना, मरवा आणि पाचगणीच्या नर्सरीतून सगळा प्रवास मांडीवर धरून आणलेला हा कोकरकान. खालच्या फळीवर हंगामी, साल्व्हियासारखी, चार महिने लाल फुलली की उपटून टाकायची. ही सगळी तुळशीचीच भावंडं, असं त्या पाहुण्यांना ऐटीत सांगायच्या, आणि ते खरंही होतं. नर्सरीवाल्याने बजावलं होतं की थंड हवेत हा वर्षानुवर्षं जगतो, मुंबईत मात्र एका पावसाळ्यात जाईल. अक्कांनी त्याला कितीतरी पावसाळे जगवलं. हट्टात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पाणीही त्या एकट्याच घालायच्या, झारीला दुसऱ्याने हात लावलेला खपायचा नाही. मी एखादी कुंडी मागितली की म्हणायच्या, "तू खालच्या फळीवरची घे गो. टिकण्याची भानगडच नको."

माझी मुलगी बारशाआधीच गेली. त्यानंतर एकदा कपडे वाळत घालताना त्या पानाला हात लागला आणि मला तिच्या कानाची पाळी आठवली. मी दोरीला धरून तिथेच उभी राहिले. आपल्या हाताने एवढं एक जगवायचं, बाकी काही नको, असं मनाने घेतलं. चोरलेलं रोप चांगलं लागतं म्हणतात. अक्का देवळात गेल्या तेव्हा मी मुळासकट एक फुटवा काढला आणि पत्र्याच्या जुन्या डब्यात लावला.

त्यांनी तो त्याच दिवशी पाहिला. मला वाटलं, आता आकाशपाताळ एक करतील. पण त्या चक्क हसल्या. "नेलास ना? बरं केलंस. तुळशीच्याच कुळातला आहे गो तो. रोज आंघोळ झाली की पानांवरून तांब्याभर पाणी घाल. जगेल." लग्नानंतर पहिल्यांदाच त्या माझ्याशी इतक्या मायेने बोलल्या होत्या. मी रोज ओल्या केसांनी पाणी घालायचे आणि हात जोडायचे. पानं आधी काळवंडली, मग बुळबुळीत झाली, मग डब्याला कुबट वास येऊ लागला. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांसमोर अक्कांनी तो डबा पायाने सरकवला आणि म्हणाल्या, "हिच्या हातात काही जगतच नाही." बोलणं कशाबद्दल चाललंय ते सगळ्यांना कळलं होतं.

पुढे एकदा समोरच्या काकूंना त्या सांगताना मी ऐकलं. "याच्या पानांना पाणी लागू द्यायचं नाही हां. लोकर भिजली की कुजलाच म्हणून समजा. बुंध्याशी घालायचं, तेही माती सुकल्यावर." मी आत कणीक मळत होते. मळत राहिले. नंतर आम्ही खालच्या मजल्यावर वेगळं बिऱ्हाड केलं. सणासुदीला मी वर जायचे, वाकून नमस्कार करायचे, त्या अखंड सौभाग्यवती हो म्हणायच्या. पुत्रवती हो मात्र कधी म्हणाल्या नाहीत.

तेरावं झालं आणि त्यांची सून स्मिता खाली आली. गोड, मोकळी मुलगी. डोळे पुसत म्हणाली, "काकू, आई शेवटपर्यंत झारी स्वतःच घ्यायच्या ना, मला काही माहीतच नाही. मला सारख्या म्हणायच्या, स्मिता, तुझ्या हाताला गुण आहे, माझ्यामागे हे तूच जगवशील. त्या कोकरकानाला पाणी कसं घालू?"

तुझ्या हाताला गुण आहे… मी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"तुळशीच्याच कुळातला आहे गो तो," मी म्हटलं. "रोज आंघोळ झाली की पानांवरून तांब्याभर पाणी घाल. जगेल."

शब्द न् शब्द अक्कांचा होता, आवाजही बहुधा त्यांचाच असावा. आता रोज सकाळी वरच्या गॅलरीतून माझ्या कठड्यावर पाणी ठिबकतं. मी चहाचा कप घेऊन ते ऐकत बसते. वर्तमानपत्राच्या ज्या पुरवणीसाठी मी हे लिहितेय ती स्मिताकडेही येते, तेव्हा ती हे वाचेलच. पण लेख छापून यायला दोन-तीन आठवडे लागतात म्हणे. माझ्या डब्यातल्या रोपाला कुजायला त्याहून कमी लागले होते.