पुठ्ठ्याची पेटी
परवा कपाट आवरताना पुठ्ठ्याची एक पट्टी हाती लागली, काळ्या मार्करनं तिच्यावर पेटीचे स्वर आखलेले, आणि भिलाईतल्या मरोदा भागातली ती शाळा आठवली. तिथे मी माध्यमिक शाळांतल्या शिक्षकांना संगीत शिकवण्याचं प्रशिक्षण देत असे. शिक्षक चाळीस, पेटी एक, म्हणून मीच सगळ्यांना अशा पट्ट्या करायला लावल्या आणि सांगितलं, "आधी यावर बोटं बसवा, मग पेटीवर पाळी येईल." प्रशिक्षणाच्या पाच दिवसांत निम्म्यांची पाळी आलीच नाही. वर्षभरानं त्यांच्यातल्याच एका बाईंचा वर्ग पाहायला मरोद्याच्या शाळेत गेलो. खिडकीतून पोलादाच्या प्लांटचा धुरकट वास येत होता, मुलांची बोटं पुठ्ठ्यांवर बिनचूक फिरत होती, आणि वर्गात आवाज होता तो फक्त पंख्याचा. "पेटी आलीच नाही जी, सर. तुमी शिकवलं तसंच शिकवून राहिली मी," बाई अभिमानानं म्हणाल्या. पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "सर, 'सा' बजता कैसे है?" बाईंनी माझ्याकडे पाहिलं, पेटीवर त्यांचीही पाळी आली नव्हती. मी खड्या आवाजात 'सा' लावला आणि हातानं मुलांना 'म्हणा' अशी खूण केली. सगळ्यांनी एकदम पुठ्ठ्यावरचा 'सा' दाबला. तोंड एकानंही उघडलं नाही. परवा मीही त्या पट्टीवर तोच स्वर दाबला, आणि कपाट लावून घेतलं.