ताईंनी खोडलेली नोंद

तळवड्यातलं आमचं काम कुणाला सांगायचं म्हणजे पंचाईत. आयटी पार्कात जाते म्हटलं की लोक कॉम्प्युटरवालीच समजायचे. आम्ही मात्र दिवसभर शोधनिबंध वाचायचो. शरीरात कुठलं जनुक कधी चालू, कधी बंद, हे ठरवणारी प्रथिनं असतात. त्यातल्या प्रत्येकाचं काम सगळ्या जगाला एकसारखं कळेल अशा ठरलेल्या शब्दांत नोंदवायचं. प्रथिन स्वतः डीएनएला चिकटतं, की चिकटलेल्या दुसऱ्याला नुसता हातभार लावतं, हे वेगवेगळं लिहायचं. निबंधात प्रयोग दिसला नाही, तर शेरा नाही.

हे मला ताईंनी शिकवलं. लातूरकडच्या, काळेवाडीत राहणाऱ्या, माझ्या सीनियर. घरी गवार निवडावी तशा निबंधातल्या एकेक आकृती निवडत बसायच्या. मला कुठला धीर! झालं की हो ताई, पुढचं घ्या, अशी माझी किरकिर चालायची.

मग टीम लीडची जागा निघाली. अर्ज नावापुरता मीही केला होता, पण ती ताईंचीच, हे सगळे धरून चालले होते. मुलाखतीच्या तोंडावर त्यांना स्वतःचीच एक जुनी नोंद चुकलेली सापडली. 'स्वतः चिकटतं' असा शेरा, आणि प्रयोगात बघावं तर डीएनएला चिकटलेला त्याचा जोडीदार, हे नुसतं हातभार लावणारं. त्या नोंदीच्या भरवशावर उंदीर, कोंबडी, मासे, सगळ्यांच्या तसल्याच प्रथिनांना तोच शेरा गेलेला. दुरुस्त करायचं म्हणजे ज्यांच्यासाठी नोंदी करायचो त्या क्लायंटला कळवायचं, आणि वरपर्यंत बोभाटा.

मी जाम चिडले. मुलाखत होऊ द्या, मग खोडा, आठ दिवसांत काय आभाळ कोसळतंय, असं तावातावानं सुनावलं. त्या म्हणाल्या, "आठ दिवसांत कोण कोण त्याच्यावर विसंबेल, माहितंय का तुला?" मेल पाठवला आणि शांतपणे डबा खायला गेल्या. काय छाती म्हणावी बाईची! माझ्याच्यानं झालं नसतं.

जागा त्यांना मिळाली नाही. मला मिळाली. त्यांच्यासमोर मान वर करायची चोरी झाली.

लीड म्हणून पहिल्याच दिवशी ती दुरुस्त केलेली नोंद माझ्याकडे तपासायला आली, आणि पाठोपाठ ताई. तुमचं मी काय तपासणार, म्हणत मी न वाचताच मंजूर करायला निघाले.

ताईंनी खुर्ची ओढली. "माझं आहे म्हणून सोडायलीस? मग मी खोडलं कशाला?"

मी निबंध उघडला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.